अॅल्युमिनियमच्या डब्याला चौकोनी भोक : एक दुर्लक्षित हुन्नर

शेगावसारख्या तीर्थक्षेत्राच्या गावात आवाजाच्या धंद्याला बारा महिने काम असते. भजनी मंडळे, कव्वालीच्या पार्ट्या, लग्नाचे ऑर्केस्ट्रा, मंगल कार्यालये, सभा-संमेलने या सर्वांना अॅम्प्लिफायर, मिक्सर आणि माइक लागतात. ही उपकरणे वापरली जातात तशी बिघडतातही. त्यामुळे गावोगावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकाने उभी राहिली. परंतु काचेच्या नळीचे टीव्ही गेले, टेपरेकॉर्डर गेले, आणि नव्या वस्तूंत आतली प्लेट काढून दुसरी बसविण्यापलीकडे फारसे काम उरले नाही. सोल्डरिंगवर हात बसलेला कारागीर आज जोडधंद्याच्या शोधात आहे.

असा एक जोडधंदा म्हणजे लहान इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वतः तयार करून विकणे, किंवा दुसऱ्याने तयार केलेल्या सर्किटला चांगला डबा करून देणे. सर्किट जुळविणे आता अवघड राहिलेले नाही. तयार प्लेट, सुटे भाग आणि नकाशा सर्व काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि टपालानेही येते. गाडी अडते ती डब्यापाशी. सर्किट उत्तम असते, पण ते साबणाच्या प्लास्टिक डबीत कोंबलेले दिसले की गिऱ्हाईक हात लावत नाही. आणि डब्याच्या कामातही सर्वांत जास्त अडचण एकाच ठिकाणी येते. ती म्हणजे चौकोनी भोक. ते कसे पाडावे, त्यात चुका कोठे होतात आणि त्याची मजुरी कशी धरावी, हे या लेखात पाहू.

गिटारचे पेडल

उदाहरणासाठी गिटारचे पेडल घेऊ. गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये, जमिनीवर ठेवून पायाने दाबायचे हे लहान डबडे असते. त्यातून आवाज फाटका, घुमणारा किंवा लहरता करता येतो. १९६२ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीने 'मॅस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आणले आणि तेथून या वस्तूचा व्यापार वाढत गेला. आज जगभर हौशी आणि धंदेवाईक मंडळी घरच्या घरी पेडल तयार करतात.

आपल्याकडे गिटार वाजविणारे थोडे, असे कोणी म्हणेल. पण हेच पेडल बेंजोलाही चालते. कव्वालीच्या पार्टीत आणि लग्नाच्या बेंजो पथकात जे वाद्य आपण ऐकतो ते म्हणजे बुलबुल तरंग. १९१२ साली जपानमधील नागोया शहरात तयार झालेल्या 'ताइशोगोतो' या वाद्याचा तो भाऊबंद. त्याला पिकअप बसविला की त्याचा आवाज गिटारप्रमाणेच तारेतून जातो आणि त्यावर गिटारचेच परिणाम साधता येतात. म्हणजे गिऱ्हाईक जवळच आहे.

डबा अॅल्युमिनियमचाच का?

पेडलमधील आवाजाचा संकेत फार क्षीण असतो. आजूबाजूच्या विजेच्या तारांची घरघर त्यात सहज शिरते. धातूचा डबा सर्किटच्या ग्राउंडला जोडला की तो या घरघरीला आडोसा देतो. प्लास्टिकचा डबा हे काम करीत नाही. (ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय घरघरीला मात्र अॅल्युमिनियम अडवीत नाही. तेथे ट्रान्सफॉर्मर दूर ठेवणे हाच उपाय.) शिवाय पेडलवर माणूस पाय देतो, म्हणून डबा मजबूत हवा. लोखंड मजबूत असले तरी ते कापायला कठीण आणि गंजणारे. म्हणून अॅल्युमिनियम.

हे डबे दोन प्रकारचे असतात. पहिला पत्र्याचा, म्हणजे एक ते दीड मि.मी. जाडीचा पत्रा वाकवून केलेला. दुसरा ओतीव, ज्याला डाय-कास्ट म्हणतात. हॅमंड या कॅनडातील कंपनीचा '१५९० बी' नावाचा ओतीव डबा जगभर पेडलसाठी वापरला जातो. तो सुमारे ११२ × ६० × ३१ मि.मी. असतो. त्याच मापाचे इतरांचे डबेही मिळतात. ओतीव डब्याची भिंत साधारण २ मि.मी. जाड असते. ओतकामाच्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन असल्याने ते पत्र्यापेक्षा ठिसूळ असते. पत्रा वाकतो, ओतीव डबा वाकवू गेल्यास तडकतो. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

गोल भोक सोपे, चौकोनी अवघड

पेडलवरची बहुतेक भोके गोल असतात. पायाचा स्विच १२ मि.मी., लहान पोटेंशिओमीटर ७ मि.मी., जॅक सुमारे १० मि.मी., दिवा ५ मि.मी. ही भोके ड्रिलने किंवा पायरीच्या ड्रिलने मिनिटभरात पडतात. परंतु सरकता स्विच, रॉकर स्विच, यूएसबीचे तोंड, अक्षरे दाखविणारा पडदा किंवा अॅम्प्लिफायरच्या मागचा तीन पिनांचा वीज-सॉकेट आला की चौकोनी भोक लागते.

येथे एक गोष्ट मनात पक्की करावी. जे हत्यार फिरते ते गोलच भोक पाडते. ड्रिल असो की लाखो रुपयांचे मिलिंग मशीन असो, आतला कोपरा त्याला काटकोनात काढता येत नाही. ३ मि.मी.चा कटर फिरविला तर कोपऱ्यात १.५ मि.मी. त्रिज्येची गोलाई राहतेच. तो कोपरा शेवटी कानशीनेच निघतो. म्हणूनच आयटीआयमधील फिटरच्या विद्यार्थ्याकडून सुरुवातीचे कित्येक दिवस फक्त कानस मारून घेतात आणि चौकोनात चौकोन बसविण्याचा धडा देतात. हा धडा ज्याने मनापासून गिरविला आहे, त्याला हे काम नवे नाही.

आधी भाग, मग भोक

भाग हातात आल्याखेरीज भोक आखू नये. एकाच नावाचे दोन स्विच अर्ध्या मि.मी.ने वेगळे निघतात. व्हर्निअरने माप घ्यावे. अंदाजासाठी काही मापे अशी :

लहान रॉकर स्विच : १९ × १३ मि.मी.
तीन पिनांचा वीज-सॉकेट : सुमारे २७ × २० मि.मी., स्क्रूंच्या भोकांतील अंतर ४० मि.मी.
सोळा अक्षरांचा दोन ओळींचा पडदा : धातूच्या चौकटीसाठी सुमारे ७१ × २४ मि.मी., स्क्रूंची भोके ७५ × ३१ मि.मी. अंतरावर.

दुसरे, डब्याच्या आत पाहावे. ओतीव डब्याच्या कोपऱ्यांत झाकणाच्या स्क्रूंसाठी जाड खांब असतात. बाहेरून जागा मोकळी दिसते आणि भोक पाडल्यावर आतला खांब आडवा येतो. भाग आत किती खोल जातो आणि तो सर्किटच्या प्लेटला टेकतो का, हे पुठ्ठ्याचा तुकडा कापून आधीच तपासावे.

आखणी

डब्यावर कागदी चिकटपट्टी लावावी. रंग वाचतो आणि पेन्सिलीची रेषही स्पष्ट उमटते. ओतीव डब्याच्या भिंती सरळ उभ्या नसतात. साच्यातून सुटाव्यात म्हणून त्या थोड्या कलत्या असतात. म्हणून कडेपासून माप घेतल्यास चौकोन तिरका येतो. त्या बाजूची मध्यरेषा काढावी आणि मध्यापासून दोन्हीकडे सारखे माप टाकावे. कोपरे गुण्या लावून तपासावेत आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्ण सारखे नसतील तर आखणी चुकली. दोन मिनिटांची ही तपासणी एक डबा वाचविते. रेषा पक्की झाल्यावर टोकदार सुईने पट्टीतून धातूवर ओरखडा उमटवावा, कारण कानस मारताना पट्टी निघते, ओरखडा राहतो.

साखळी पद्धत

सर्वांत कमी हत्यारांत होणारी रीत म्हणजे रेषेच्या आतून एकाला एक लागून भोके पाडणे. वीज-सॉकेटचे २७ × २० मि.मी. भोक घेऊ. ड्रिल ३ मि.मी.चा. भोकाची कड रेषेच्या अर्धा मि.मी. आत राहावी, म्हणजे भोकाचा मध्य रेषेपासून २ मि.मी. आत आला पाहिजे. तेव्हा मध्यांचा चौकोन २३ × १६ मि.मी. होतो. लांब बाजूचे सात आणि आखूड बाजूचे पाच सारखे भाग केले की एकूण २४ भोके येतात आणि दोन भोकांत पाव मि.मी.च्या आसपास धातू उरतो. प्रत्येक मध्यावर सेंटर पंचने टिंब मारावे, नाहीतर ड्रिल घसरतो आणि रंगावर कायमचा ओरखडा उठतो.

डब्याच्या आत लाकडाचा ठोकळा बसवावा. त्यामुळे भिंतीला आधार मिळतो आणि व्हाइसमध्ये डबा चेपत नाही. व्हाइसच्या जबड्यांनाही लाकडाच्या पट्ट्या लावाव्यात. ३ मि.मी.च्या ड्रिलला साधा हातमशीनचा पूर्ण वेग चालतो, दाब मात्र हलका ठेवावा. पायरीच्या ड्रिलने मोठे भोक पाडताना वेग कमी करावा. अॅल्युमिनियम मऊ असल्याने ते ड्रिलच्या धारेला चिकटते आणि भोक खराब होते. म्हणून मधूनमधून तेलाचा थेंब द्यावा. पूर्वी कारखान्यांत यासाठी सर्रास रॉकेल वापरीत. ते आता सहज मिळत नाही. हलके मशीन तेलही चालते.

सर्व भोके झाली की उरलेले पातळ दुवे लहान छिन्नीने किंवा कटरने तोडावेत. मधला तुकडा हातोडीने बाहेर ठोकू नये. पत्रा असेल तर तो वाकेल, ओतीव डबा असेल तर तडा कोपऱ्यातून रेषेबाहेर जाईल.

सोनाराची करवत

भोक मोठे असेल, उदाहरणार्थ पडद्याचे, तर चाळीस-पन्नास भोके पाडण्यापेक्षा करवत बरी. येथे आपल्या भागाला एक सोय आहे. शेगावपासून जवळच असलेले खामगाव चांदीच्या बाजारासाठी 'रजतनगरी' म्हणून ओळखले जाते. चांदी-सोन्याचे काम करणारे जी धनुष्याच्या आकाराची बारीक करवत वापरतात, तीच अॅल्युमिनियमला उत्तम. चारही कोपऱ्यांत रेषेच्या आत ३ मि.मी.ची भोके पाडावीत, पाते एका भोकातून ओवून चौकटीत ताणून बसवावे आणि रेषेच्या अर्धा मि.मी. आतून कापत जावे. दाते मुठीकडे तोंड करून बसवावेत, म्हणजे करवत ओढताना कापते. डब्याच्या खोलीत चौकट अडत असेल तर हॅकसॉचे अर्धे पाते कापडाने गुंडाळून हातात धरूनही काम होते.

पाते निवडण्याचा नियम सोपा आहे. धातूच्या जाडीत एका वेळी दोन ते तीन दाते तरी लागले पाहिजेत. २ मि.मी. जाडीला इंचाला ३२ दात्यांचे हॅकसॉ पाते योग्य. १८ दात्यांचे घेतल्यास दाता कडेला अडकून तुटतो.

कानस : खरे काम येथे

आतापर्यंतचे काम कोणीही करील. भोकाची शोभा कानशीवर आहे. चपटी कानस, चौकोनी कानस आणि बारीक सुई-कानशींचा एक संच एवढे पुरे. चपट्या कानशीची एक कड बिनदात्याची असावी. ती कड शेजारच्या बाजूला टेकवून कोपऱ्यापर्यंत जाता येते आणि शेजारची बाजू खात नाही.

कानशीच्या दात्यांत अॅल्युमिनियमचा कीस रुतून बसतो आणि मग तोच कीस पृष्ठभागावर खोल ओरखडे पाडतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे. कानशीवर आधी पांढरा खडू घासावा. खडू दात्यांच्या खाचा भरतो आणि कीस चिकटू देत नाही. अधूनमधून तारेच्या ब्रशने झाडावे.

कानस पुढे जाताना दाबावी, मागे येताना उचलावी. ती डोलली की कड फुगीर होते. आधी एक लांब बाजू रेषेपर्यंत आणावी, ती सरळ झाली की तिला पाया धरून बाकीच्या तीन बाजू तपासाव्यात. चारही बाजू एकदम थोड्या थोड्या खाऊ नयेत, कारण मग कोणती बाजू चुकली ते कळत नाही. शेवटच्या पाव मि.मी.त दर चार-पाच फेऱ्यांनी भाग लावून पाहावा. तो बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे, ठोकावा लागू नये. दाबून बसणाऱ्या स्विचच्या बाबतीत सैल भोक म्हणजे निकामी भोक, कारण त्याच्या खिट्या कडेलाच धरतात.

शेवटी आतून-बाहेरून धार मारावी. कडेवर राहिलेली वस्तऱ्यासारखी धार गिऱ्हाइकाचे बोट कापते आणि आतल्या तारेचे आवरणही.

इतर हत्यारे

हातात धरायचा निबलर पत्र्याला लहान लहान चावे घेत कापतो. सुमारे ११ मि.मी.चे एक गोल भोक पाडून त्यातून तो आत घालतात. दीड मि.मी.पर्यंतच्या अॅल्युमिनियम पत्र्याला तो छान, पण २ मि.मी.च्या ओतीव भिंतीला चालत नाही.

अँगल ग्राइंडरने भोक कापण्याचा मोह टाळावा. चकती गोल असल्याने वरच्या बाजूचा काप कोपऱ्याबाहेर जातो, आणि लहान डब्यात ती अडकून उसळते. आणखी एक इशारा : साध्या बेंच ग्राइंडरच्या दगडावर अॅल्युमिनियम कधीही घासू नये. मऊ धातू दगडात भरतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. लोखंडाच्या ठिणग्या आणि अॅल्युमिनियमची भुकटी एकत्र येणे हेही आगीला निमंत्रण आहे.

एकाच मापाचे दहा-वीस डबे असतील तर लोखंडी पट्टीचा साचा करावा. ३ मि.मी. जाड लोखंडी पट्टीत एकदाच अचूक चौकोन काढावा, तो डब्यावर घट्ट बांधावा आणि कानस साच्याला लागेपर्यंत मारावी. साच्याची कड लागताच कानशीचा आवाज बदलतो आणि हात आपोआप थांबतो.

भोक मोठे झाले तर

डबा फेकू नये. वीज-सॉकेट आणि रॉकर स्विच यांना स्वतःचा काठ असतो, तो मि.मी.भर चूक झाकतो. म्हणून नवशिक्याने शक्यतो काठाचेच भाग निवडावेत. पडद्याला काठ नसतो. तेथे एक मि.मी.च्या पत्र्याची किंवा काळ्या अॅक्रिलिकची चौकट कापून वरून बसवावी. नीट केलेली चौकट मुद्दाम केल्यासारखी शोभून दिसते.

सुरक्षितता

पेडल नऊ व्होल्टवर चालते, त्यात धोका नाही. परंतु अॅम्प्लिफायरच्या डब्यात घरची २३० व्होल्टची वीज येते. धातूच्या डब्यात वीज-सॉकेट बसविले की अर्थिंगची हिरवी तार डब्याला स्क्रू व रिंगने पक्की जोडलीच पाहिजे, आणि त्या जागेचा रंग खरवडून धातू उघडा केला पाहिजे. रंगावर कसलेली अर्थिंग म्हणजे अर्थिंग नव्हे. सर्व भोके सर्किट बसविण्यापूर्वी पाडावीत. कीस एकदा प्लेटवर पडला की तो कोठे शॉर्ट करील सांगता येत नाही. ड्रिल चालविताना चष्मा लावावा, हातमोजे घालू नयेत. मोज्याचा धागा ड्रिलमध्ये गुंततो.

हिशेब आणि गिऱ्हाईक

या कामात माल थोडा आणि मेहनत जास्त, म्हणून मजुरी वेळेवर धरावी. समजा, आपण ताशी १८० रुपये धरले. एका सॉकेटचे भोक सरावाने ४० मिनिटांत होते, म्हणजे १२० रुपये. आता दहा डबे एकदम आले. साचा करायला एक तास, पुढे प्रत्येकी १५ मिनिटे, म्हणजे एकूण साडेतीन तास आणि ६३० रुपये. डब्याला ६३ रुपये पडले. गिऱ्हाइकाला ८० रुपये सांगितले तरी त्याचे चाळीस वाचतात आणि आपल्याही पदरी जास्त पडते. ड्रिल आणि कानशीची झीज यात धरायला विसरू नये.

गिऱ्हाईक कोण? केवळ पेडलवाले धरून बसू नये. शेगावात १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्प करावे लागतात आणि सर्किट तयार असूनही चांगल्या डब्यासाठी ते अडतात. आवाजाच्या धंद्यातील मंडळींना जुन्या अॅम्प्लिफायरला नवे सॉकेट बसवून हवे असते. अकोला-खामगाव परिसरातील डाळ मिल, जिनिंग आणि लहान कारखान्यांच्या कंट्रोल पॅनेलवर मीटर बदलावे लागतात. हे मीटर ठरावीक मापाचे असतात. ९६ × ९६ मि.मी.च्या मीटरला ९२ × ९२ चे, ७२ × ७२ च्या मीटरला ६८ × ६८ चे आणि ४८ × ४८ च्या मीटरला ४५ × ४५ मि.मी.चे भोक लागते. ही तीन मापे पाठ असलेला आणि त्यांचे साचे तयार ठेवणारा कारागीर जागेवर जाऊन तासाभरात काम करून देऊ शकतो.

भांडवल फारसे नाही. हातमशीन, व्हाइस, व्हर्निअर, कानशी आणि करवत एवढ्यावर सुरुवात होते. जास्त लागल्यास २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. पण आधी कर्ज, मग काम, असे करू नये. एक खराब झालेला डबा किंवा भंगारातील पत्रा घ्यावा आणि त्यावर निरनिराळ्या मापांची दहा भोके पाडावीत. दहावे भोक पहिल्यापेक्षा किती वेळात झाले आणि किती सरळ आले, ते मोजून लिहून ठेवावे. पहिल्या गिऱ्हाइकाला सांगायचा दर त्या कागदावरूनच ठरेल, आणि तो पत्रा दुकानात टांगला तर तीच आपली जाहिरात.